बिलावर "बिका हुआ माल वापस नहीं होगा" छापलंय म्हणून दुकानदार साडी परत घेत नाही, काय करू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. राजवाड्याजवळच्या दुकानातून प्युअर सिल्क म्हणून साडी घेतली, ड्रायक्लीनवाल्याने पॉलिस्टर सांगितलं, आणि आता दुकानदार बिलावरच्या त्या ओळीवर बोट ठेवतोय. मी इथेच इंदूरला क्लॉथ मार्केटमध्ये काही वर्षं काउंटरवर होतो म्हणून सांगतो, ती ओळ प्रिंटिंगवाला न विचारताच छापून देतो, आणि माल खोटा किंवा खराब निघाला तर तिच्या आड लपता येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं ही सरळ अनुचित व्यापार प्रथा धरलीय. हां, पण रंग आवडला नाही, सासूबाईंना पसंत पडली नाही, असलं काही असेल तर तिथे कायदा तुमच्या बाजूने नाही, मग दुकानदाराची मर्जी.

आता बिल काढून बघा त्यावर काय लिहिलंय, सगळा खेळ तिथे आहे. "प्युअर सिल्क" लिहिलं असेल तर 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 15 लागतं, वर्णन करून विकलं तर माल वर्णनाबरहुकूमच पाहिजे. नुसतं "साडी 1 नग" असेल तर जरा कठीण, मग दुकानदाराचे व्हॉट्सॅप मेसेज, साडीवरचं लेबल, जे असेल ते जपा. आणि साडी महेश्वरी असेल तर आधी नीट विचार करा, कारण तिचा ताणा (उभा धागा) रेशमी आणि बाणा (आडवा धागा) सुती असतो, सुती धागा निघाला म्हणजे लगेच फसवणूक नाही होत, पॉलिस्टर निघालं तर गोष्ट वेगळी. ड्रायक्लीनवाल्याचं म्हणणं पुरावा म्हणून कच्चं आहे, पण तक्रार केलीत तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हालाच भरावी लागू शकते.

फॉल-पिको करून लग्नात नेसलात ना, त्यावरून तो म्हणेल की माल तुम्ही स्वीकारला. म्हणू दे. माल विक्री कायद्यात स्वीकारल्यावर माल नाकारता येत नाही, पण नुकसानभरपाई मागता येतेच.

भांडायला परत जाऊ नका दुकानातल्या भिया (भाऊ) लोकांशी, तिथे चहा पाजून कटवतात. लेखी पत्र द्या, रजिस्टर्ड पोस्टाने, 30 दिवसांच्या आत. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कॉल करा, फुकट आहे, पुष्कळदा एवढ्यानेच दुकानदार नरमतो. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही देवासला राहता तर तक्रार देवासलाच करता येते, 2019 च्या कायद्याने ही मोठी सोय केली, नाहीतर साडीपायी दर तारखेला इंदूरच्या चकरा कोण मारेल.

ब्लाऊजपीस साडीतलाच असेल आणि अजून शिवायला टाकला नसेल तर टाकू नका, टेस्टिंगला तोच देता येईल, साडी कापावी लागणार नाही.