कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं

प्रश्न: मी आठ वर्षं बासरी वाजवतो. मुलगी डब्लिनला शिकते. डिसेंबरात ती घरी येताना तिच्याकडून हाताने बनवलेली चांगली टिन व्हिसल, म्हणजे आयरिश लोकांची धातूची छोटी उभी बासरी, मागवायची आहे. दीडशे युरोपर्यंत तयारी आहे. कोणती घ्यावी? आणि एवढ्याशा नळीवर इतके पैसे घालण्यात अर्थ आहे का?

उत्तर:

अर्थ आहे. तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना, कारण याच गोष्टीवरून माझा आणि माझ्या दादाचा सात वर्षं वाद चालला होता.

आम्ही मिरजेचे. दादा बासरी वाजवतो, चांगली वाजवतो. मी लग्नानंतर आयर्लंडला, लिमरिकला आले आणि शेजारच्या बाईंकडे टिन व्हिसल शिकायला लागले. पहिली व्हिसल दुकानातली, बारा युरोची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्याच कंपनीच्या चांगल्या निघालेल्याही मी पाहिल्यात. इथे सगळे वाजवतात ती डीची व्हिसल, म्हणजे तुमच्या भाषेत पांढरी पाच, सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर. सगळी भोकं दाबली की मंद्र पंचम, म्हणजे सगळ्यात खालचा प, वरची तीन दाबली की सा, सगळी सोडली की तीव्र मध्यम. तुमची बोटं पहिल्याच दिवशी चालतील.

२०१६ च्या गणपतीत घरी गेले होते. आरती झाल्यावर आई म्हणाली, वाजव काहीतरी. आत्या, दोन काका, शेजारपाजारचे सगळे बसलेले. मी एक जिग, म्हणजे आयरिश नाचाची जलद धून, सुरू केली. मध्य सा जागेवर, पण तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, उतरलेला. तो वर न्यायला फुंक वाढवली की किंकाळी फुटल्यासारखा आवाज. घाबरून खाली मंद्र पंचमावर आले तर तोही जराशा जास्त श्वासाने फुटला. मी थांबून म्हटलं, या व्हिसलमध्येच काहीतरी खोट आहे. दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. पिपाणीला कसला दोष देतेस? सूर माणसाच्या फुंकेत असतो." सगळे हसले. मी परत आले आणि ती व्हिसल कपाटात टाकली ती पुढच्या जुलैपर्यंत.

जुलैत शेजारच्या बाई मला जवळजवळ ओढतच क्लेअर काउंटीतल्या मिलटाउन मॅलबेला घेऊन गेल्या. तिथे विली क्लॅन्सी या आयरिश बॅगपाइपवादकाच्या नावाने दर जुलैत आठवडाभर शिबिर भरतं. ते १९७३ साली वारले, त्याच वर्षी शिबिर सुरू झालं. सकाळी शाळांच्या वर्गांत शिकवणी, आणि दुपारपासून पहाटेपर्यंत गावातल्या प्रत्येक कोपऱ्यात वाजवणं. माझ्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ होते, सत्तरीचे. दोन दिवस त्यांनी मला तार सा शी झगडताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बघू ती." त्यांनी माझी व्हिसल वाजवली. त्यांच्याही फुंकेत तार सा उतरलाच, मंद्र पंचम फुटलाच. मग त्यांनी स्वतःची पितळी व्हिसल माझ्या हातात दिली. हाताने बनवलेली, साधी दिसणारी, कसलंही नक्षीकाम नाही. मी तीच जिग सुरू केली आणि तार सा नुसता येऊन बसला. मला काहीच करावं लागलं नाही. मी ती जिग तीनदा वाजवली. आनंद नंतर झाला, आधी राग आला. माझे दहा महिने गेले होते, आणि माझ्या फुंकेत काहीच वाईट नव्हतं.

दादाचं म्हणणं बासरीपुरतं खरं आहे, व्हिसलला ते लागू होत नाही, आणि बासरीवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. बासरीत हवेचा झोत तुमचे ओठ घडवतात. स्वर चढला तर बासरी थोडी आत वळवता, उतरला तर बाहेर. अर्धी सुरावट ओठांनी सांभाळली जाते. व्हिसलमध्ये हवा ज्या फटीतून जाते ती फट, ज्या पात्यावर आपटते ते पातं आणि दोघांमधलं अंतर कारागिराने कायमचं ठरवून टाकलेलं असतं. तुमच्या हातात फक्त फुंकेचा जोर उरतो. ते पातं केसभर जाड राहिलं किंवा फट केसभर उंच झाली की कितीही रियाज करा, दोन सप्तकं जुळत नाहीत. आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर हलक्या हाताने घासून जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढतात, तेच काम चांगला व्हिसलवाला पात्यावर करतो. वाजवतो, घासतो, पुन्हा वाजवतो. कारखान्यात साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या तोंडावर बारा युरोत इतका वेळ कोण घालवणार? जवारी बिघडलेला तंबोरा दादाने पाच मिनिटं सहन केला नसता, आणि मला मात्र अंगणाची म्हण ऐकवली.

आता कोणती घ्यावी. केरीतल्या किलार्नी गावाच्या नावाची किलार्नी व्हिसल तुमच्या रकमेत बसेल, पितळी असते, वरच्या सप्तकात गोड आणि हलकी. अॅल्युमिनियमची गोल्डी फुंकेला जास्त अडवून धरते. काहींना तेच आवडतं, मला दम लागतो. लाकडी व्हिसलच्या वाटेला या पैशात जाऊ नका. नावापेक्षा नळीची रुंदी बघा. रुंद नळीचा मंद्र पंचम भरदार, पण वरचं सप्तक जोर मागतं. अरुंद नळी वर सहज जाते, खाली बारीक वाटते. तुम्ही घरात वाजवणार, तर अरुंदच घ्या. स्लाईड असलेली, म्हणजे तोंड मागेपुढे सरकवता येणारी घ्या, म्हणजे पेटीशी जुळवता येईल.

दुकानात तपासायचं ते असं. मंद्र पंचम धरून फुंक हळूहळू वाढवायची आणि तो कधी उडी मारून वर जातो ते बघायचं. लगेच उडाला तर ठेवून द्या. मग मध्य सा आणि तार सा ट्यूनरवर, दोन्हींना स्वाभाविक फुंकेने. मग शुद्ध मध्यम. इथे बासरीवाले हमखास फसतात. तुम्ही सवयीने पहिलं भोक अर्धं दाबून मध्यम काढाल आणि तो सुरेलच येईल. पण जिगच्या लयीत अर्धं भोक जमत नाही, म्हणून इथे पहिलं सोडून दुसरं-तिसरं दाबतात. चांगल्या कारागिराची व्हिसल त्या बोटांनी मध्यम बरोबर देते. माझ्या जुन्या व्हिसलवर तो सरळसरळ चढा होता. शेवटी तार गंधार. तो ओरडला नाही तर पैसे द्या. मुलगी वाजवत नसेल तर तिला वाजवणारं कोणी सोबत न्यायला सांगा, ऑनलाइन ऐकून घेऊ नका.

पिपाणीबद्दल एक सांगायचं राहिलं. लो व्हिसल म्हणून जी लांब, खर्जातली व्हिसल आहे, तिची गोष्ट दादाला मी फोनवर किती वेळा सांगितली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनबार फ्युरी या आयरिश वादकाची भारतातून आलेली बांबूची बासरी दौऱ्यात मोडली. ती दुरुस्त होईना, तेव्हा इंग्लंडच्या बर्नार्ड ओव्हरटनने तिच्याऐवजी अॅल्युमिनियमची नळी बनवून दिली, आणि आजची लो व्हिसल तिथून आली. म्हणजे दादा ज्याला पिपाणी म्हणत होता, तिच्या घराण्यात आपला बांबू आहे.

२०२३ च्या मेमध्ये दादा पहिल्यांदा लिमरिकला आला. मी कपाटातली ती बारा युरोची व्हिसल काढून दिली. त्याने तार सा लावला. उतरला. त्याने सवयीने व्हिसल ओठांवर आत वळवली, मग बाहेर वळवली. स्वर जागचा हलला नाही. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरी दे." ती दुसरी व्हिसल तो संध्याकाळभर वाजवत बसला. परत जाताना त्याच्या बॅगेत माझी लो व्हिसल गेली, ती मी मागितलेली नाही. म्हण त्याने अजून मागे घेतलेली नाही.

हेही सांगायला हवं की हाताने बनवलेली म्हणजे चांगलीच, असं नाही. मी महागड्या बेसूर व्हिसलही वाजवून पाहिल्यात. आणि नामवंत व्हिसलवादक शॉन पॉट्स, स्वतः विली क्लॅन्सी यांची पिढी कारखान्यातल्या साध्या व्हिसलवरच तयार झाली. पण ते दहांतून एक निवडून घेत, आणि नवशिक्याला ती निवड करता येत नाही.

डिसेंबरात डब्लिनच्या दुकानात नळी गार पडलेली असेल आणि गार नळी उतरलेलीच वाजते. मुलीला सांगा, तपासण्याआधी पाच मिनिटं ती कोटाच्या आत, काखेत धरून ठेव. नाहीतर चांगली व्हिसल बेसूर म्हणून परत ठेवली जाईल.