आयईएलटीएस रीडिंग: सुरुवातीला एवढंच बघा

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, आणि रीडिंग म्हणजे तिचा उतारे वाचून प्रश्न सोडवायचा भाग. आधी खात्री करा, तुमची परीक्षा अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठी) आहे की जनरल ट्रेनिंग (नोकरी किंवा स्थलांतरासाठी)? दोन्हींचे उतारे वेगळे असतात. भलत्याच प्रकारचा सराव करत बसलेले लोक कमी नाहीत!

वेळ ६० मिनिटं, प्रश्न ४०. कागदावरच्या परीक्षेतही रीडिंगची उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून ती थेट उत्तरपत्रिकेवर लिहायची सवय आतापासूनच लावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नका.

भल्याभल्यांची दांडी गुल होते ती ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक की उताऱ्यात नाहीच, हे ठरवायच्या प्रश्नांमध्ये. समजा उताऱ्यात आहे, 'कारखाना १९२० मध्ये सुरू झाला.' विधानात १९३० असेल तर फॉल्स. पण विधान 'तो त्या भागातला पहिला कारखाना होता' असं असेल आणि उतारा त्याबद्दल गप्प असेल, तर नॉट गिव्हन. तुम्हाला ते कितीही पटलं तरी! तुमचं सामान्यज्ञान इथे उपयोगाचं नाही.

नवीन मंडळींच्या हमखास चुका:
- प्रत्येक शब्दाचा अर्थ लागलाच पाहिजे, हा हट्ट
- 'जास्तीत जास्त दोन शब्द' सांगितलेलं असताना तीन लिहिणं
- उताऱ्यातला शब्द उतरवतानाही स्पेलिंग चुकवणं

परिच्छेदांना हेडिंग जुळवायच्या प्रश्नांच्या युक्त्या सध्या राहू द्या. सुरुवातीला घड्याळ न लावता सोडवा. पेपर तपासल्यावर नुसते गुण मोजून पुढचा घेऊ नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात नेमकं कुठे होतं ते शोधून अधोरेखित करा. कंटाळवाणं आहे, पण खरी तयारी तिथेच होते.