फाइल तुझ्या हातात घे

बाळा,

‘काकू, कॉलेजमध्ये सांगू की नको?’ हा तुझ्या ल्युकेमियाबद्दलचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरबद्दलचा, प्रश्न पोचला. त्याचं उत्तर पुढे देते, कारण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो तू विचारलाच नाहीस. तो तुझ्या आईने मला फोनवर विचारला. शुक्रवारच्या गोळ्यांची पट्टी महिना संपला तरी अर्धी शिल्लक कशी? तू तिला म्हणालास, शनिवारी ढोल-पथकाचा सराव असतो आणि आदल्या रात्री गोळी घेतली की सकाळी मळमळतं. मळमळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची होती. ती तू उशीखाली सरकवलेल्या पट्टीला सांगितलीस.

तू शूर आहेस वगैरे मी लिहिणार नाही. गेली दोन-अडीच वर्षं सगळे तुला तेच सांगतायत आणि तुझा चेहरा तेव्हा कसा होतो ते मी पाहिलंय. माझं म्हणणं एकच आहे. तुझी फाइल तुझ्या हातात घे.

ती जाडजूड फाइल, प्लास्टिकच्या पिशवीतली, आजवर आईच्या मांडीवर होती. ओपीडीत नाव पुकारलं की ती उठायची, तू मोबाइल खिशात घालून मागोमाग. तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हा ते ठीकच होतं. आता तू अठराचा झालास, कॉलेजचा फॉर्म स्वतः भरलास, वनाझहून मेट्रोने एकटा येतोस-जातोस. परवा मी विचारलं, रोज काय घेतोस? तू म्हणालास, ‘ती पिवळी गोळी.’ अरे, दोन्ही पिवळट आहेत! रोजची ती सिक्स एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन. आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, घ्यायची ती मेथोट्रेक्सेट. आठवड्याची गोळी चुकून रोज पोटात गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशींचे काउंट कोसळतात, जिवावर बेतू शकतं. आणि तू रंगावरून ओळखतोस?

१९४७ च्या आधी तुझ्या आजाराचं मूल काही महिन्यांत जायचं. मेथोट्रेक्सेटमागे भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं अमेरिकेतलं काम आहे. सिक्स एमपी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतली, १९५३ पासून वापरात आलेली. १९८८ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. शिरेतून मिळतं ते विनक्रिस्टीन मूळचं सदाफुलीतलं, तीच जी तुमच्या सोसायटीच्या कुंपणाशी लावलीय. एवढ्या लोकांनी जन्म घालवून तयार केलेल्या औषधांची नावं तरी पाठ असू देत.

आता काउंट. आई रिपोर्ट बघते, पांढऱ्या पेशी कमी दिसतात, ती घाबरते, तिचं बघून तू घाबरतोस. फाइल स्वतः वाचली असतीस तर कळलं असतं की मेन्टेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या या शेवटच्या, गोळ्यांच्या टप्प्यात, त्या मुद्दाम कमी ठेवतात आणि गोळीचा डोस त्यावरच बसवतात. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, टक्केवारी, एवढंच गणित. २४०० पेशी आणि ५० टक्के न्यूट्रोफिल असतील तर एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा आकडा, १२००. साधारण ५०० ते १५०० मध्ये तो राहिला की डॉक्टरांना हवं ते चाललंय. ५०० च्या खाली गेला की गोळ्या काही दिवस थांबवायच्या की नाही ते तेच ठरवतील. आणि हेही समज, तू गोळ्या चुकवल्यास की काउंट छान वर येतो, आई खूश होते, आणि डॉक्टर ‘सोसतंय याला’ असं समजून डोस वाढवतात. तुझ्या लपवण्याने सगळ्यांचे हिशेब चुकतात.

सिक्स एमपीच्या ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका वाढलेला दिसलाय. तीस दिवसांत दोन गोळ्या चुकल्या की तू ९३ टक्क्यांवर आलास. स्टॅटिस्टिक्सला प्रवेश घेतलायस ना? मग यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तुला वाटत असेल, काकू फाइल-फाइल काय करतात. माझी फाइल नाही, म्हणून करते.

१९८६ साली मी अकरावीत होते. मानेला गाठ आली. आधी टीबी म्हणून महिनोन्‌महिने औषधं झाली, मग बायॉप्सी, मग हॉजकिन्स, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. केमो झाली, छातीला रेडिएशन झालं. वाड्यात सगळ्यांना सांगितलं होतं की टायफॉइड उलटलाय. टायफॉइडनेही केस गळतात, त्यामुळे ते खपून गेलं. आप्पांनी सगळे कागद नीट लावून ठेवले होते, प्रत्येक इंजेक्शनची तारीख त्यांच्या सुबक अक्षरात. मी हात लावायला गेले की म्हणायचे, ‘तू अभ्यासाचं बघ, हे मी बघतो.’ त्यांनी बघितलंही, प्रेमाने बघितलं. मग आप्पा गेले, वाडा पाडायला निघाला, आवराआवरीत ती फाइल रद्दीत गेली. मला ती कुठे असायची हेसुद्धा माहीत नव्हतं.

पुढे पन्नाशीच्या अलीकडे पर्वतीच्या पायऱ्यांवर धाप लागायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, केमोतलं अ‍ॅड्रियामायसिन एकूण किती मिळालं होतं? छातीला रेडिएशन किती? या औषधाची बेरीज शरीराच्या प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हृदयावर जास्त कडक लक्ष ठेवावं लागतं. मी म्हटलं, माहीत नाही. जिथे उपचार झाले तिथे विचारायला गेले तर इतके जुने कागद ठेवत नाही म्हणाले. आयुष्यभर मुलांना आकडे शिकवले आणि माझ्या छातीतला एवढा महत्त्वाचा आकडा माझ्याकडे नाही. फाइल म्हणजे तुझ्या शरीराचा सातबारा आहे, आणि तो दुसऱ्याच्या ट्रंकेत ठेवायचा नसतो. आईच्याही नाही.

आता तुझा प्रश्न. सांगू की नको? आई म्हणते नको, पुढे नोकरी आहे, लग्न आहे. ही भाषा मी ओळखते, कारण माझी आईही तेच बोलायची. लग्न ठरवताना ती म्हणाली, झालं गेलं, कशाला काढायचं? मी काढलं. बघायला आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगितलं. काही स्थळं परत गेली, एकाने ‘बरं’ म्हटलं, आणि तो अजूनही कशालाही ‘बरं’च म्हणतो. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी हट्टीपणा केला. केलाच. आजही करीन. लोक म्हणतात, जरा जपून बोलली असतीस तर घरातल्यांना त्रास झाला नसता. त्रास त्यांना टायफॉइडची गोष्ट जपण्याचाच जास्त झाला, हे कुणी मोजत नाही. असो. माझं राहू दे.

तू वर्गात उभं राहून जाहीर करावंस असं मी म्हणत नाही. पण प्राचार्यांना आणि वर्गशिक्षकांना डॉक्टरांचं पत्र नेऊन दे, तू स्वतः, पहिल्याच आठवड्यात. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न पुढे येणारच आहे, आणि हॉल तिकीट अडल्यावर पळापळ करण्यात अर्थ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही, त्यामुळे सवलत हक्काने मागायला तुझ्याकडे दाखला नसेल. डॉक्टरांचं ते पत्रच तुझा आधार. तिसरा माणूस म्हणजे एक मित्र. भावुक होणारा नको, डोकं जागेवर असलेला निवड. त्याला एवढंच पाठ करून घ्यायला सांग: ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रिक्षात घालून सरळ हॉस्पिटल. पुण्यात पावसाळ्यात सगळ्यांना व्हायरल नाहीतर डेंग्यू असतो, म्हणून मुलं तापाला ताप समजत नाहीत. तुझ्यासाठी तो समजायचा आहे.

बाकी कुणाला सांगायचं ते तूच ठरव. पण तू ठरवायचं, आईने नाही आणि मीही नाही.

पथकाचं. नदीकाठी तुमचा सराव मी येता-जाता ऐकते, ढोलाचा आवाज मला फारसा सोसत नाही हा भाग वेगळा. वाजवू की नको, हे डॉक्टरांना तू विचार. आई विचारेल तर ‘नको’ हेच उत्तर येईल अशा बेताने विचारेल. तू नीट विचार: ढोलाचं वजन कमरेला बांधून दोन तास उभं राहायचं असतं, मला स्टेरॉइड मिळालेत, विनक्रिस्टीन मिळालंय, चालेल का? स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल तर तेही तेव्हाच सांगून टाक, एमआरआय करतील. सरावाने दुखतंय म्हणून गप्प बसू नकोस. आणि गोळीचा वार शुक्रवारवरून दुसऱ्या वारावर नेता येईल का, हेही विचार. बहुतेक नेता येईल! एवढा साधा प्रश्न विचारायचा सोडून तू पट्टी लपवलीस, याचाच मला राग आहे.

डिसेंबरात गोळ्या बंद होतील. तेव्हा आनंद होईल आणि भीतीही वाटेल, गोळी नाही म्हणजे पहाराच उठला असं वाटेल. पण फाइल बंद होत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं एसीटी क्लिनिक चालतं, ते उगाच नाही. तुला मधूनमधून हृदयाचा टूडी एको लागेल, आणि तो करणारा दर वेळी नवा डॉक्टर असेल. त्याला सांगणारा तूच.

रविवारी दुपारी फाइल घेऊन माझ्याकडे ये. एका पानावर सगळं उतरवू: आजाराचं नाव, तारखा, प्रत्येक औषध, अ‍ॅड्रियामायसिन किंवा त्याच जातीच्या डॉनोरुबिसिनची बेरीज, रेडिएशन झालं असेल तर किती. जिथे अक्षर लागत नाही तिथे पेन्सिलने खूण करू, पुढच्या ओपीडीत तू विचारून भर. त्याचे फोटो काढून तुझ्या मोबाइलमध्ये ठेव, एक प्रत आईला दे.

येताना ती अर्धी पट्टीही आण, आणि आईला बरोबर आणू नकोस. तिच्याशी मी वेगळं बोलणार आहे.

— काकू