इतक्या वर्षांनी केस होते का?

प्रश्न: ताई, १९९८ला वसईत आमच्या चर्चच्या फादरने माझ्यावर अत्याचार केला, मी ११ वर्षांचा मुलगा होतो. घरी अजून माहीत नाही. आता काही करता येतं का?

उत्तर: येतं भाऊ. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२पासूनचा, तुमच्या केसला लागणार नाही, पण नेमकं काय घडलं त्यावरून तेव्हाच्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३७७, म्हणजे अनैसर्गिक संभोगाचं कलम, लागू शकतं आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नसते, फक्त उशीर का झाला ते एफआयआरमध्ये नीट लिहा, कोर्टात त्यावरच खोदून विचारतात. बिशपकडेही तक्रार करा, पोपच्या २०१९च्या आदेशाने तशी सोय ठेवणं बंधनकारक आहे, पण त्यातून फार तर फादरपद जाईल, जेल नाही. म्हणून पोलीस आधी. वकील मात्र तुमचाच घ्या, चर्चने सुचवलेला नको.