पिल्लांचे पाय वाकडे होतायत, कॅल्शियम डबल करू का?

प्रश्न: ब्रॉयलरची पिल्लं 18 दिवसांची आहेत, काहींचा पायाचा मधला सांधा सुजून पाय बाजूला वळलाय. आठवडाभर पाण्यातून लिक्विड कॅल्शियम देतोय पण फरक नाही, खाद्य घरीच बनवतो. डोस डबल करू का?

उत्तर: नको दादा, डबल तर नकोच, ती बाटली आधी बंद करा. पिल्लू लंगडलं की कॅल्शियम पाजायचं हे सगळ्यांच्या डोक्यात एवढं घट्ट बसलंय की पाय हातात घेऊन कोणी बघतच नाही. एक पिल्लू उचला. हाड आणि चोच रबरासारखी वाकत असेल तर तो मुडदूस, तिथे कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी3 चा प्रश्न. पण हाड टणक आहे, सांधा सुजलाय आणि मागची जाड शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) खाचेतून बाजूला सरकलेली बोटाला लागते, तर मँगनीज हे खनिज कमी पडतंय असं धरून चला (कोलिन, बायोटिन ही व्हिटॅमिनं कमी पडली तरी असंच होतं).

मँगनीज नसेल तर हाडाच्या टोकाची वाढणारी कूर्चा नीट बनत नाही, हाड आखूड, वाकडं राहतं आणि शीर घसरते. कोंबडीच्या आतड्यातून मँगनीज मुळातच फार थोडं शोषलं जातं, त्यात तुम्ही कॅल्शियम वाढवलं की तेवढंही आत जात नाही, झिंकचंही तसंच. म्हणजे औषध म्हणून जे दिलं त्यानेच दुखणं वाढतं. सुरुवातीच्या खाद्यात कॅल्शियम साधारण 1 टक्का पुरतं, आणि तुम्ही चुनखडी, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) घालून वरून बाटली देताय!

घरच्या खाद्यात मका जास्त असतो, मक्यात किलोमागे 10 मिलिग्रॅमसुद्धा मँगनीज नसतं, गरज आहे किलो खाद्यामागे 60 ची, झिंक 40, कॉपर 8. ते प्रीमिक्समधूनच (खाद्यात घालायचं तयार मिनरल-व्हिटॅमिनचं मिश्रण) यायला हवं. लेबलवर लिहिलेला डोस घ्या, जास्त नको, सेलेनियमसारखी वस्तू थोडी जास्त झाली तरी विषारी. आणि मिसळताना प्रीमिक्स थेट ढिगावर टाकू नका, आधी दोन-चार किलो मक्याच्या पिठात घोळवा मग सगळ्यात फिरवा, नाहीतर एका पिल्लाला मूठभर आणि दुसऱ्याला काहीच नाही. व्हिटॅमिन आणि मिनरल एकत्र असलेली जुनी फोडलेली पिशवी असेल तर वापरू नका, त्यातली व्हिटॅमिनं मिनरलमुळेच मरतात.

शीर सरकलेलं पिल्लू बरं होत नाही, वाईट वाटतं पण खरं तेच. त्याला वेगळं काढा, बाकीची वाचवा.

लेयरवाल्यांनी (अंड्याच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी) हे वाचून कॅल्शियम तोडू नका हां, एका अंड्याच्या कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, कवच रात्री बनतं म्हणून शिंपल्याचे जाड तुकडे (ग्रिट) दुपारनंतर द्या, नाहीतर कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते आणि पिंजऱ्यात बसून राहते.

आणि पिल्लू एक पाय पुढे एक मागे ताणून पडत असेल तर मरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय, सांध्यात पू असेल तर इन्फेक्शन, तिथे मिनरलचं काम नाही, ताजं मेलेलं एखादं पिल्लू पशुवैद्यकाकडून उघडून बघून घ्या.