रॅक घेण्याआधी टेप हातात घ्या

भिवंडीत पहिलं गोदाम घेतलंत, अभिनंदन! कोटेशन मागवण्याआधी आपला माल मोजा. भरलेल्या पॅलेटची (माल रचायच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीची) लांबी, रुंदी, उंची आणि वजन, तेही सगळ्यात जड पॅलेटचं. माल पॅलेटच्या कडेबाहेर येत असेल तर तोही मापात धरा.

सुरुवातीला साधं सिलेक्टिव्ह रॅकच घ्या, कुठलंही पॅलेट थेट काढता येतं. ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे माल उचलणारी फोर्कलिफ्ट रॅकच्या आतच शिरते त्या प्रकारात, जागा वाचते हे खरं, पण शेवटी ठेवलेला माल आधी निघतो. एक्सपायरीच्या मालाला ते घातक.

नवखे हमखास चुकतात ते गल्लीत, म्हणजे दोन रॅकमधल्या वाटेत. काउंटरबॅलन्स (तोल राखायला मागे वजन असलेल्या) फोर्कलिफ्टला साधारण ३.५ मीटर गल्ली लागते, रीच ट्रकचं (काटे पुढे सरकवणाऱ्या फोर्कलिफ्टचं) ३ मीटरच्या आसपास भागतं. आधी फोर्कलिफ्ट ठरवा, मग नकाशा. मी उलट केलं आणि भरलेली अख्खी रांग रिकामी करून सरकवावी लागली.

आणखी तीन गोष्टी:
- बीमची (पॅलेट ज्यावर टेकतं त्या आडव्या दांड्याची) क्षमता पुढच्या-मागच्या जोडीवर, भार सारखा पसरलेला धरून सांगतात. शेजारी दोन एकटनी पॅलेट बसणार असतील तर जोडी किमान २ टनांची हवी.
- बीमची उंची परस्पर बदलू नका. पहिला बीम वर गेला की खांबांची ताकद घटते.
- जुनं रॅक स्वस्त मिळतं, पण वाकलेला खांब ठोकून सरळ केलेला असेल तर अजिबात घेऊ नका.

आणि रॅकचा सगळा भार पेलणारा कोबा (जमिनीचं काँक्रीट) किती जाडीचा आहे ते मालकाला आजच विचारा. पावसाळ्यात पाणी शिरत असेल तर खालचं पॅलेटही जमिनीवर नको, बीमवरच.