वाचकांचे प्रश्न: मल्लखांब शिकवायला अमेरिकेला, पण व्हिसाचं काय?

प्रश्न: माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लहानपणापासून मल्लखांब करते. अमेरिकेतल्या एका समर कॅम्पमध्ये मुलांना शिकवायला तिची निवड झालीय, त्यासाठी जे-१ व्हिसा लागेल म्हणतात. इथला एक एजंट म्हणतो सगळं आमच्यावर सोडा, व्हिसाची गॅरंटी देतो, फक्त इंटरव्ह्यूला आम्ही सांगू तेच बोलायचं. आमच्या घरातून आजवर कुणी परदेशी गेलेलं नाही. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर: ताई, लेकीचं मनापासून अभिनंदन, आणि त्या गॅरंटीवाल्याला आजच नाही म्हणून टाका. व्हिसा द्यायचा की नाही ते मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधला ऑफिसर ठरवतो, एजंटच्या हातात त्यातलं काहीही नसतं.

सगळ्यात आधी डीएस-२०१९ नावाचा फॉर्म आला का ते बघा, कारण जे-१ ची, म्हणजे एक्स्चेंज प्रोग्रामवर जाणाऱ्यांच्या व्हिसाची, सगळी गाडी त्याच्यावर चालते. हा फॉर्म अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्थाच देऊ शकते, कॅम्प स्वतः देत नाही आणि साताऱ्यातला एजंट तर नाहीच नाही. स्पॉन्सरची यादी परराष्ट्र खात्याच्या जे-१ च्या वेबसाइटवर आहे, तिथे तुमच्या संस्थेचं नाव सापडलं नाही तर एक रुपयाही भरू नका.

आता हा फॉर्म बहुतेक मेलवर पीडीएफ येतो, प्रिंट काढून लेकीने सही करायची. पण त्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर बऱ्याचदा मुलीच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्पॉन्सरकडे अर्ज भरताना मुलं नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकून मोकळी होतात. असा फरक दिसला तर लगेच स्पॉन्सरला मेल करून फॉर्म दुरुस्त करून घ्या, अपॉइंटमेंट जवळ आली की धावपळ होते. कॅटेगरीच्या रकान्यात कॅम्प काउन्सेलर लिहिलंय ना तेही बघा. या कॅटेगरीत वय किमान १८ लागतं, जास्तीत जास्त ४ महिने राहता येतं आणि काम मुलांसोबतचंच असावं लागतं, स्वयंपाकघरात भांडी घासायला किंवा साफसफाईला लावायचं नाही असा नियमच आहे. हा नियम लेकीला पाठ असू दे, तिथे गेल्यावरही कामाला येईल.

डीएस-२०१९ वर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस नंबर (अमेरिकन सरकारच्या नोंदणी यंत्रणेतला नंबर) असतो, तो टाकून सेव्हिस फी भरायची. कॅम्प काउन्सेलरला ती ३५ डॉलर आहे, बाकी बऱ्याच जे-१ वाल्यांना २२०, तेव्हा भरताना कॅटेगरी नीट निवडा (काही स्पॉन्सर ही फी स्वतःच भरतात, आधी विचारून घ्या). मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसा फी १८५ डॉलर, जी व्हिसा नाही मिळाला तरी परत येत नाही. मग दोन अपॉइंटमेंट, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी इंटरव्ह्यूची. डीएस-१६० मध्ये गेल्या ५ वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची अकाउंटं विचारतात, सगळी लिहायची, बंद पडलेलं जुनं असलं तरी. आणि जून २०२५ पासून जे-१ व्हिसावाल्यांना ही अकाउंटं पब्लिक ठेवायला सांगतात, तेव्हा ते सेटिंग आधीच बदला.

आता इंटरव्ह्यू. काचेच्या खिडकीपाशी उभ्याउभ्या काही मिनिटांत आटपतो तो. एजंटची पाठ केलेली उत्तरं तिथे घातच करतात, कारण ऑफिसर दिवसभर तीच वाक्यं ऐकत असतो, आणि पुढचा प्रश्न जरा वेगळा आला की पाठांतरवाली मुलं गप्प होतात. लेकीला कॅम्प कुठल्या राज्यात आहे, तिथे किती वयाची मुलं येतात, ती त्यांना काय शिकवणार हे स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. साधं, मोडकंतोडकं चालेल, पण तिचं स्वतःचं हवं. पुरलेला मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब यातला फरक ती दोन वाक्यांत सांगू शकली ना, तर मला वाटतं निम्मं काम तिथेच झालं, कारण ही मुलगी खरंच हे करते हे समोरच्याला दिसतं.

एक प्रश्न हमखास येणार, परत कधी येणार आणि कॉलेजचं काय. तिकडचे कॅम्प जून ते ऑगस्ट चालतात, आणि आपली कॉलेजं नेमकी जून-जुलैत सुरू होतात. म्हणून प्रिन्सिपॉलकडून लेटरहेडवर पत्र घ्या, की ही आमची विद्यार्थिनी आहे, अमुक तारखेपर्यंत रजा दिलीय आणि ती पुढच्या वर्षाला बसणार आहे. माझ्या मते जाडजूड बँक स्टेटमेंटपेक्षा हे एक पान जास्त बोलतं.

प्रश्न: जे-१ वर एकदा जाऊन आलं की दोन वर्षं अमेरिकेत पाऊलही ठेवता येत नाही म्हणे, खरं का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: नाही, सगळ्यांना नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना, म्हणजे फुलब्राइटसारख्या स्कॉलरशिपवाल्यांना, आणि तिकडे ट्रेनिंग घेणाऱ्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते. त्यांनाही फिरायला जायची बंदी नसते, एच किंवा एल हे नोकरीचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड तेवढं अडतं. अट लागायचं आणखी एक कारण म्हणजे ठराविक विषयांची देशवार यादी, त्यातल्या विषयासाठी गेलेल्यांना अट लागते, पण डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत निघाला. तुला अट आहे का ते डीएस-२०१९ वर आणि व्हिसाच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तिथे बघ.

प्रश्न: भाच्याला जे-१ व्हिसा नाकारला, २१४-बी लिहिलेला कागद देऊन परत पाठवलं. आता अपील कुठे करायचं?
— एक मामा, लातूर

उत्तर: मामा, त्याला अपील नसतं. २१४-बी हे अमेरिकेच्या कायद्यातलं कलम, त्याचा अर्थ एवढाच, की तो परत येईल हे त्या दिवशी ऑफिसरला पटलं नाही. कायमची बंदी वगैरे काही नाही, पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करता येतो, फक्त मधल्या काळात काहीतरी बदललेलं हवं, रजेचं पत्र मिळालं, ॲडमिशन पक्की झाली, असं काही. प्रोग्रामची तारीख जवळ असेल तर आधी स्पॉन्सरला विचारा, तारीख पुढे ढकलून फॉर्म दुरुस्त करून देतात का. आणि नव्या डीएस-१६० मध्ये आधी व्हिसा नाकारला होता का या प्रश्नाला हो असंच लिहायचं, जुनी नोंद त्यांच्याकडे असतेच.